जुनं लेदर खोगीर घ्यायचंय: तपासणी, बुरशी, तंगाच्या वाद्या आणि रास्त किंमत

रंकाळाकाठ | ९ जून, सकाळी ८:१४

मंडळी, एक वापरलेलं खोगीर बघून ठेवलंय. पैसे देण्याआधी जाणकारांचं मत हवंय.

माल असा: कानपुरी बनावटीचं, इंग्लिश पद्धतीचं, सीट १७ इंच. विकणारा १४,००० सांगतोय, तसंच नवीन २२,००० ला मिळतंय. वरून एकदम काळपट-चकचकीत, तेल ताजं चोळलेलं आहे, बोटाला लागतं. डाव्या फ्लॅपखाली (स्वाराच्या पायाखाली येणारी बाजूची चामडी झडप) पांढरी भुकटी. तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, तो ज्यांना अडकवतात त्या वाद्यांपैकी दोन्हीकडच्या पहिल्या वादीची भोकं लांबट झालीत. बसलं की मागून करकर आवाज येतो. पॅनल (खालची, घोड्याच्या पाठीवर टेकणारी भरलेली गादी) हाताला कडक, मधेच गोळे लागतात.

घोडी भीमथडी वळणाची, अंगानं बारीक, पाठीचा पुढचा उंचवटा चांगलाच वर. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून ठेवायचं कसं तेही सांगा.

आरी_रापी | ९ जून, सकाळी ९:०२

आधी तेलाचं. जुन्या मालावर विकायच्या आदल्या दिवशी तेल चोळलेलं असेल तर समजायचं की भेगा झाकल्यात. कोरडं लेदर वाकवलं की वरच्या थरात बारीक रेघा दिसतात. तेल पाजलं की त्या दोन-चार दिवस दिसत नाहीत. म्हणून चमक बघायचीच नाही. उलटी बाजू, शिवण आणि सांगाडा, एवढंच बघायचं.

सांगाडा म्हणजे ट्री. तो गेला असेल तर बाकी सगळं फुकट मिळालं तरी नको. तपासायचा असा:

पुढची कमान मांडीवर टेकव, दोन्ही हातांनी मागचा उंच काठ धरून स्वतःकडे ओढ. स्प्रिंग ट्री थोडा लवचिक असतो, तो किंचित दबून परत येणार, ते बरोबर. पण सीटच्या मध्यावर आडवी सुरकुती पडली, एका बाजूने जास्त दबलं किंवा टक्क आवाज आला तर मोडलेला आहे.

मग खोगीर उलटं करून पुढच्या कमानीची दोन टोकं हातात धर. ती फ्लॅपखाली चामड्याच्या खिशात असतात. आत दाब, बाहेर ओढ. इथे अजिबात हालचाल नको. हललं किंवा खटखटलं तर कमानीची पोलादी पट्टी तडकली आहे नाहीतर रिव्हेट सैल झालेत. मागचा काठ आडवा हलवून बघ, तोही घट्ट हवा.

शेवटी टेप घे. पुढच्या कमानीजवळच्या डाव्या खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत मोज, मग उजव्या खिळ्यापासून. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. सीटचं माप धरतात तेही याच रेषेत. फरक जास्त असेल तर सांगाडा पिळलाय, आणि पिळलेलं खोगीर घोड्याच्या पाठीवर कायम एका बाजूला सरकतं. लोक तंग आवळत बसतात.

रंकाळाकाठ | ९ जून, सकाळी ९:२०

करकर आवाज म्हणजे सांगाडाच ना मग?

आरी_रापी | ९ जून, सकाळी ९:३१

तसंच काही नाही. लेदरवर लेदर घासलं तरी करकरतं: फ्लॅप आणि त्यावरची छोटी झाप, किंवा रिकिबीची (पाय ठेवायच्या कडीची) वादी जिथे अडकवतात ती जागा. त्या सांध्यांत चिमूटभर टाल्कम पावडर टाक आणि परत बस. बंद झाला तर घासण्याचा आवाज. सुरूच राहिला आणि दर वेळी एकाच जागेवरून आला, तर वरच्या चाचण्या दोनदा कर.

गडहिंग्लजकर | ९ जून, दुपारी १२:४५

भावा, पांढऱ्या भुकटीचं लगेच मनावर घेऊ नको. दोन प्रकार असतात. मेण-चरबी वर येऊन पांढरी पडते, ती निरुपद्रवी. दुसरी बुरशी. हेअर ड्रायर मंद करून वीतभर लांबून फिरव. चरबी वितळून आत जाते, डाग जातो. बुरशी तशीच राहते, शिवाय तिला कुबट वास असतो आणि नीट बघितलं तर केसाळ दिसते.

बुरशी निघाली तर घरात झटकायची नाही, बाकीच्या सामानावर बसते. उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, फडकं ओलसर करून पुसायचं. आधी फ्लॅपच्या खालच्या बाजूला कोपऱ्यात लावून बघ, काही रंग निघतात. चोवीस तास सावलीत वारा लागू दे. उन्हात अजिबात नाही, कडक होऊन चिरतं. वाळल्यावर अगदी हलका कंडिशनर.

बुरशी वाढायला ओल लागते आणि खायला तेल-घाम लागतो. म्हणून भरपूर तेल पाजलेलं खोगीर पावसात सगळ्यात आधी पांढरं होतं.

जुनाबाजार | ९ जून, दुपारी १:१०

आमच्याकडे तर खोबरेल चोळतात सगळे, वर्षानुवर्षं. काही झालेलं नाही.

आरी_रापी | ९ जून, दुपारी २:२५

जुनाबाजार दादा, झालेलं असतं, पण दिसायला वेळ लागतो. खोबरेल थंडीत थिजतं, खवट होतं, धूळ धरतं. शेंगदाणा-सरकीचं त्याहून चिकट. जवस तर लावूच नका, ते हवेत सुकून कडक पापुद्रा होतं आणि वाकवलं की तडकतं. जवसाच्या तेलाचे बोळे एकावर एक टाकून ठेवले तर आपोआप पेटू शकतात, तेही लक्षात असू द्या.

लेदरला नीट्सफूट तेल चालतं, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं. ज्यांना ते नको असेल त्यांनी मेणावर आधारलेलं लेदर बाम घ्यावं. पण कुठलंही घ्या, माप पाळा: अख्ख्या खोगिराला एका वेळी फार तर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली. ते उलट्या, खरबरीत बाजूने लावायचं, तिथून मुरतं. चोवीस तास थांबून वाकवून बघायचं. मऊ झालं की थांबायचं. जास्त झालेलं तेल काढता येत नाही. तंतू सुटे होतात, वादी ताणते आणि शिवणीचा दोरा कुजतो. तंगाच्या वाद्यांवर तर हात आणखीच आखडता.

मीठभाकर | ९ जून, दुपारी ३:५०

साफ करण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

तंग, रिकिबी, वाद्या सगळं सुटं करायचं. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने धूळ आणि घाम काढायचा. मग ग्लिसरीनचा सॅडल सोप. पाणी साबणाला लावायचं, स्पंजला नाही. स्पंज जवळपास कोरडाच. फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं. काळे चिकट ठिपके म्हणजे घाम, चरबी आणि धूळ एकत्र. ते नखाने किंवा सुरीने खरवडायचे नाहीत, जाड दोऱ्याच्या गुंडीने गोल-गोल घासून उचलायचे.

कपड्याचा साबण आणि भांड्यांची पावडर बंद. झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं, हे साबण अल्कधर्मी. कातडं काळवंडतं, कडक होतं.

पितळी खिळ्यांभोवती हिरवा मेणचट थर दिसेल. तांब्याचा आणि चरबीचा संयोग तो. लाकडी टूथपिकने काढा. ब्रासो लेदरवर सांडू देऊ नका, चुन्यासारखा डाग राहतो.

रोजची एक गोष्ट मात्र चुकवू नका: काम झालं की पॅनल आणि तंग ओलसर फडक्याने पुसायचे. घामातलं मीठ शिवणीत वाळलं की दोरा आतून कापला जातो.

घोडनाल | ९ जून, संध्याकाळी ६:३०

वाद्यांवर मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथेच माणसं पडतात.

तंगाच्या एका बाजूला साधारण तीन वाद्या असतात. त्या आत विणलेल्या पट्ट्यांवर शिवलेल्या असतात. पारंपरिक बांधणीत पहिली वादी एका पट्टीवर आणि दुसरी-तिसरी मिळून दुसऱ्या पट्टीवर. म्हणून तंग पहिली-दुसरी किंवा पहिली-तिसरी अशा जोडीतच लावायचा. दुसरी-तिसरी लावली आणि ती एक पट्टी तुटली, तर धरायला काही उरत नाही. आधी तुमच्या खोगिरात कशी रचना आहे ते फ्लॅप उचलून बघा.

भोकं लांबट झाली म्हणजे लेदर ताणलंय. दोन बाजूंची भोकं सारखी ताणली असतील तर एक वेळ चालतं. डावीकडे सहावं भोक आणि उजवीकडे चौथं, असा खेळ सुरू झाला की खोगीर घसरतंच. वादी उलट्या बाजूला वाकवा: आडव्या भेगा दिसल्या, विशेषतः भोकांच्या रेषेत, तर बदला. नव्या भोकाने भेग थांबत नाही. रिव्हेट ठोकून दुरुस्त केलेली वादी कुणी दाखवली तर तिथूनच परत फिरा. अख्खा ओढा एका छिद्रावर येतो.

बदलायची कशी:

नवी वादी २५ मिमी रुंद, ४ ते ४.५ मिमी जाड, जनावराच्या पाठीच्या भागातून आणि पाठीच्या कण्याच्या दिशेने कापलेली. पोटाकडचं कातडं ताणतं. सगळ्या वाद्या एकाच कातड्यातून, म्हणजे सारख्या वागतात. लांबी लिहून ठेवा, रात्रभर २० किलोचं वजन टांगा, सकाळी परत मोजा. जोडीतली एखादी वेगळीच वाढली तर ती बाजूला.

जुनी शिवण सुरीच्या टोकाने एकेक टाका कापून काढा, ओढून नाही, नाहीतर पट्टी फाटते. पट्टी वाकवून बघा. धागे तुटत असतील, भुकटी पडत असेल, तर काम थांबवा. पट्ट्या बदलायच्या तर सीट उघडावी लागते, ते काम वेगळं आणि महाग. पट्टी चांगली असेल तर जुन्याच भोकांतून, ६ टाके प्रति इंच, काठापासून ३-४ मिमी आत. दोन सुयांचा टाका. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की शेजारचे उसवत जातात. दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक भोकात दोन दोरे असतात, एक गेला तर दुसरा धरतो. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, मेण चोळा, शेवटी तीन टाके उलटे मारा. शिवणीची लांबी जुनी होती तेवढीच, एक सेंटिमीटरही कमी नाही.

नवी भोकं गोल पंचाने, दोन्ही बाजूंना एकच नमुनापट्टी ठेवून. खिळ्याने टोचलेलं भोक फाटतं.

जुनाबाजार | ९ जून, रात्री ८:०५

कोल्हापुरात सुभाषनगरात चपलांचं कातडं चांगलं मिळतं. बाभूळ-हिरड्यात कमावलेलं, रसायनं नाहीत. त्याच्याच वाद्या करून घेतल्या तर?

घोडनाल | ९ जून, रात्री ८:४०

कातडं उत्तम, जागा चुकीची. कोल्हापुरी चपलेचा तळ घट्ट, कडक आणि झिजायला टणक असावा म्हणून ते तसं कमावतात. वादीला वाकणं हवं आणि ताण सोसणं हवं. त्यासाठी कमावल्यानंतर चरबी-मेण मुरवलेलं लगामी लेदर लागतं. तळाच्या कातड्याची वादी बकलाच्या वळणावर तडकेल. शिवाय ओलं झालं की फुगेल.

कारागीर मात्र तिथलाच धरा. रापी (कातडं कापायची सुरी) चालवणारा आणि हाताने दोन सुयांचा टाका घालणारा माणूस तुमच्या-आमच्यापेक्षा हजारपट बरा. लेदर आणि दोरा तुम्ही नेऊन द्या, टाक्यांचं माप लिहून द्या, रिव्हेट नको म्हणून दोनदा सांगा. फ्लॅपच्या झिजलेल्या कडा, सुटलेलं पायपिंग, डी-कडीची चामडी बंदी, ही कामं तिथे बेलाशक होतात. सांगाड्याचं काम नाही.

दोरा कोणता यावर वाद आहे. लिननचा दोरा घामाने कुजतो, पण कातड्याआधी तुटतो, म्हणजे कातडं वाचतं. पॉलिएस्टर कुजत नाही, पण फार ओढून शिवला तर तोच कातडं कापतो. आपल्या दमट हवेत मी ०.८ ते १ मिमीचा मेणाचा पॉलिएस्टर घेईन, आणि टाका घट्ट पण कातड्यात रुतणार नाही एवढाच ओढायला सांगेन.

लोकरपिंजारी | १० जून, सकाळी ७:१५

पॅनलचं राहिलं. मराठीत "खोगीरभरती" हा शब्द निकामी मालासाठी वापरतात, आणि जुनी पॅनल उसवली की का ते कळतं: कापूस, चिंध्या, काथ्या, पोत्याचे धागे. घाम पिऊन सगळ्याचे दगड होतात.

चांगल्या पॅनलमध्ये धुतलेली, पिंजलेली, कुरळी लोकर असते, दाबली की परत उठणारी. गोळे लागत असतील तर वरून अजून लोकर कोंबून उपयोग नाही. गोळा तसाच राहतो आणि शेजारी उंचवटा येतो. पॅनल सोडवून जुनी लोकर पूर्ण काढायची, कापडी-चामडी अस्तर तपासायचं, मग थोडी-थोडी, लांब सळईने, टोकाकडून मध्याकडे भरायची. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते उलट्या खोगिराकडे मागून बघून ठरवायचं. मधला खोबण तीन-चार बोटं रुंद आणि शेवटपर्यंत मोकळा हवा. नवी भरती पहिल्या तीन-सहा महिन्यांत बसते, तेव्हा थोडी वाढवावी लागते. पुढे वर्षातून एकदा तपासायची.

पट्टणकोडोलीकडे मिळणारी दख्खनी मेंढीची लोकर भरायला घेऊ नका. ती जाड, केसाळ, गुंतून नमदा (दाबून घट्ट झालेला लोकरीचा थर) होते. पण नेमकं त्याच गुणामुळे तिची घोंगडी खोगिराखाली उत्तम चालते: घाम ओढते, सरकत नाही. एक घडी, सुरकुती नको.

लोकरीला कसर लागते. डांबरगोळ्या पिशवीत बांधून जवळ ठेवा, लेदरला चिकटून नाही.

आरी_रापी | १० जून, सकाळी ९:४०

+१. त्यात एक भर: भरतीने सांगाड्याची रुंदी बदलत नाही. रंकाळाकाठ, तुझी घोडी बारीक अंगाची. रुंद सांगाडा तिच्यावर खाली बसून उंचवट्यावर टेकेल. खोगीर नुसतं, घोंगडीशिवाय ठेव, कुणाला तरी वर बसव, आणि कमानीखाली दोन-तीन उभी बोटं जातात का बघ. दोनपेक्षा कमी असेल तर नको. अर्धा तास फिरवून काढल्यावर घामाचा ठसा बघ: ओल्या भागात मधेच कोरडा चट्टा राहिला असेल तर तिथे दाब पडतोय. त्याच जागी पुढे पांढरे केस येतात.

मीठभाकर | १० जून, सकाळी १०:१०

पावसाळ्यासाठी: तबेल्यात ठेवू नका, मुताच्या अमोनियाने लेदर आणि शिवण दोन्ही जातात. भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर. लाकडी घोडीवर, वरून सुती चादर. प्लास्टिक नको, आतच ओल कोंडते. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेटीतच उपयोगी, मोकळ्या खोलीत त्या काही करत नाहीत. कडुलिंबाचा पाला ठेवतात तो ओला असेल तर उलट ओल वाढवतो. पंखा आणि आठवड्यातून एकदा हाताळणं, याला तोड नाही.

करवीरवाडा | १० जून, दुपारी १२:३०

थोडं अवांतर. वाड्याच्या माळ्यावर जुनं लष्करी खोगीर आहे, लेदर तांबूस, हाताला भुकटी लागते. तेल पाजून परत वापरात आणता येईल का?

आरी_रापी | १० जून, दुपारी १:०५

नाही ताई/दादा. याला रेड रॉट म्हणतात. सालीने कमावलेल्या जुन्या कातड्यात आम्ल वाढून तंतूच तुटतात. ते परत जुळत नाहीत. तेल पाजलं की फक्त काळं आणि चिकट होईल. भुकटी थांबवायला हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात, पण ते प्रदर्शनात ठेवण्यापुरतं. त्यावर कुणी बसू नये.

लष्करी असेल तर सांगाडा बघा: पोलादी कमानी, दोन बाजूंना लाकडी फळ्या, खाली नमदा. युनिव्हर्सल पॅटर्न १९०२ आणि १९१२ हे जास्त दिसतात. १९१२ च्या फळ्या घोड्याच्या पाठीप्रमाणे थोड्या फिरतात. शिक्के, वर्ष, कारखान्याचं नाव याचे फोटो काढून ठेवा आणि घासू नका, त्यातच किंमत आहे. नुसता शिक्का नवा वाटला तर सावध, शिक्के मारणं सोपं असतं. लाकडात किड्यांची भोकं आहेत का तेही बघा.

घोडनाल | १० जून, दुपारी २:२०

आता किमतीचं, मूळ प्रश्न तोच होता.

माझा हिशोब असा. तशाच नव्या खोगिराच्या किमतीचा निम्मा आकडा, ही सांगाडा-पट्ट्या-पॅनल धड असलेल्या वापरलेल्या मालाची कमाल. इथे ११,०००. त्यातून दुरुस्तीचा खर्च पूर्ण वजा करायचा, आणि तो कारागिराकडून लेखी घेऊन, अंदाजाने नाही. वाद्या सहाच्या सहा बदलाव्या लागतील, कारण दोन नव्या आणि चार जुन्या वेगवेगळ्या ताणतात. पॅनल नव्याने भरावं लागेल. हे दोन खर्च वजा केले की उरेल तेवढीच ऑफर. १४,००० हा आकडा तेलाच्या चमकेचा आहे.

सांगाडा गेला असेल तर किंमत सुट्या भागांची: रिकिबी, वाद्या, डी-कड्या. फ्लॅपचं लेदर थैल्या-पट्ट्यांना जातं.

रिकिबी चुंबकाने तपासू नका, काही स्टेनलेसला चुंबक धरत नाही. पिवळसर झाक आणि वाकलेला तळ दिसला तर निकेलच्या आहेत. मऊ धातू, पडताना पाय चिमटतो. आणि रिकिबीची वादी ज्या दांड्यावर अडकवतात त्याची खिटी घोड्यावर बसताना उघडीच ठेवायची.

रंकाळाकाठ | १२ जून, संध्याकाळी ७:४५

जाऊन आलो. टाल्कम टाकलं, आवाज तसाच. मांडीवर ओढलं तर सीटवर डाव्या बाजूला तिरकी सुरकुती. डावीकडून ४३ सेमी, उजवीकडून ४४.५. कमानीचं डावं टोक हाताने हलतं. पांढरी भुकटी ड्रायरने वितळली, म्हणजे बुरशी नव्हतीच. वाद्यांची पट्टी मात्र धड होती.

खोगीर सोडलं. रिकिबी स्टेनलेसच्या, तेवढ्या ६०० ला घेतल्या. तळाची आतली रुंदी १२ सेमी.

घोडनाल | १२ जून, रात्री ८:१०

बुटाची सगळ्यात रुंद जागा किती?

रंकाळाकाठ | १२ जून, रात्री ८:१८

साडेनऊ.

घोडनाल | १२ जून, रात्री ८:२०

दोन्हीकडे सव्वा-सव्वा सेंटिमीटर. बरोबर बसतंय. रिकिबीच्या वाद्या नव्या घेशील तेव्हा डावी-उजवी दर आठवड्याला बदलत जा, चढताना डावीच ताणते.